धुतलेल्या काड्या

आमच्या घराला आग लागली तर पाण्याच्या बादलीआधी पत्रक निघेल, असं ताई म्हणायची. खोटं नव्हतं. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते, पण कॉलनीत त्यांना सगळे पत्रकवाले म्हणूनच ओळखायचे. नळाला पाणी नाही, काढा पत्रक. विहाराशेजारच्या मोकळ्या जागेवर कुणी पत्रे ठोकले, काढा पत्रक. जेवणं झाली की सतरंजीवर गठ्ठा यायचा आणि आम्ही दोघी बहिणी घड्या घालायला बसायचो. ताईच्या घड्या फूटपट्टी लावल्यासारख्या सरळ. माझ्या तिरक्या, कारण मी घडी घालता घालता मजकूर वाचायचे आणि मधेच ओरडायचे, "बाबा, इथे उद्गारचिन्ह पाहिजे होतं!"

पुढे ताई केमिकल इंजिनिअर झाली. मी बाबांच्या वाटेने गेले. लिहायला लागले, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एक 'निषेध असो' किंवा 'विजय असो' लागतोच, असं धरून चालले. ताईचं काम मी आधीच 'विजय असो'मध्ये टाकून दिलं होतं.

काम होतंच तसं. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या मागच्या शेडमध्ये तिचा छोटा रिॲक्टर होता. लाकडापासून डिझेल बनवायचा. ती नोकरीला लागली तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "लाकूड जाळून तेल? ही काय जादू?"

"जाळून नाही, गुदमरवून," ती म्हणाली. हवा कमी देऊन लाकूड तापवलं की ते पेटत नाही, त्याचा वायू होतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असतात. तिच्या धंद्यातले लोक त्या मिश्रणाला सिनगॅस म्हणतात. तो धुवायचा, गाळायचा आणि दाब देऊन एका उंच नळीतून सोडायचा. नळीत लोखंडाचे बारीक दाणे भरलेले. ते दाणे म्हणजे कॅटॅलिस्ट. स्वतः संपत नाहीत, पण त्यांच्याशिवाय काही घडत नाही. कार्बन येऊन दाण्यावर बसतो, त्याच्या शेजारी दुसरा बसतो, दुसऱ्याला तिसरा चिकटतो. साखळी आखूड राहिली तर वायूच राहतो, फार लांबली तर मेण होतं, मधल्या लांबीची झाली की डिझेल.

"म्हणजे मोर्चा," मी म्हटलं.

"मोर्चा नाही गं. तिथे घोषणा देत नाहीत."

बाबा पेपरामागून म्हणाले, "मग तो मोर्चा जास्त शिस्तीचा असणार."

पहिलं तेल निघालं तेव्हा तिने ते छोट्या बाटलीत भरून घरी आणलं. पाण्यासारखं स्वच्छ, आणि वास मेणबत्ती नुकतीच विझवल्यावर येतो तसा. बाबांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. ताई सांगत होती की या डिझेलमध्ये गंधक नसतं. नसतं म्हणजे असूच शकत नाही. वायूत गंधक शिरलं तर ते दाण्यांवर चढून बसतं आणि उठतच नाही. कार्बनला जागा राहत नाही. त्यालाच कॅटॅलिस्टचं विष म्हणतात. म्हणून रिॲक्टरच्या आधी झिंक ऑक्साइडने भरलेली एक टाकी असते, ती गंधक अडवून धरते.

"द्वारपाल," बाबा म्हणाले.

"हो, पण द्वारपालाचंही पोट भरतं. म्हणून आत येणाऱ्या मालात गंधक किती, हे आधी माहीत पाहिजे."

हे सगळं मी ऐकलं होतं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं.

रिॲक्टर तोपर्यंत वखारीतल्या बाभळीच्या ढलप्यांवर चालत होता. पण बाभळीवर प्लांट उभा राहत नाही, तेवढी बाभूळ आणायची कुठून? कंपनीच्या मोठ्या साहेबांनी ताईपुढे एकच अट ठेवली. इथे भरपूर मिळतं आणि फुकट जळून जातं अशा मालावर दिवाळीपर्यंत सलग चालवून दाखव. चाललं तर दिंडोरीकडे मोठा प्लांट होईल आणि तो ताईच्या हातात राहील. नाही चाललं तर शेड रिकामी करून जागा दुसऱ्या कामाला. ताईला नाशिक सोडायचं नव्हतं. तिच्या वर्गातले सगळे गुजरातेत, आखातात गेले होते. ती म्हणायची, मला जे बनवायचंय ते इथेच बनवायचंय, घरी जेवायला येता येईल एवढ्या अंतरावर.

नाशकात भरपूर मिळतं आणि फुकट जळतं असं काय आहे, हे दिंडोरी रस्त्याने एप्रिलमध्ये गेलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. द्राक्षं उतरली की खरड छाटणी होते. वर्षभराच्या काड्या कापून बांधावर ढीग लावतात आणि पेटवून देतात. संध्याकाळी त्या रस्त्याने गाडीवरून यायचं म्हणजे डोळ्यांतून पाणी आणि घशात खवखव.

मी पत्रक लिहिलं. 'काडी जाळू नका, काडीचं तेल करू!' उद्गारचिन्ह माझं, घड्या ताईच्या. बाबांनी एकच शब्द बदलला. 'शेतकरी बांधवांनो'च्या जागी 'शेतकरी भगिनी-बांधवांनो' केलं.

ताईच्या शेडमधल्या एका ऑपरेटरच्या ओळखीने आम्ही दोघी दिंडोरीजवळच्या एका बागायतदार काकांकडे गेलो. गावात त्यांचा शब्द चालायचा, आणि त्यांची द्राक्षं परदेशात जायची. मी जाताना मनाने कंबर कसून गेले होते. बाबांच्या पत्रकांनी मला लहानपणीच कप बघायला शिकवलं आहे. अनोळखी घरात चहा आला की मी आधी कपांकडे बघते, सगळे एकसारखे आहेत ना. आमचं आडनाव विचारून झालं होतं, त्यामुळे मी तयारच होते. चहा आला. सहाही कप निळ्या फुलांचे. काका आमच्याच सतरंजीवर बसले आणि बशीत ओतून फुरके मारू लागले. मला थोडं चुकल्यासारखंच झालं. आणलेला राग ठेवायला कुठे जागाच नव्हती.

"मंग ताई, काडीचं डिझेल करनार तुमी?" काका म्हणाले. "ट्रॅक्टर चालंल त्यावर?"

"चालेल काका."

"मंग बायकोचं डोकं का नाय चालत काडीवर? वरीसभर चुलीत घालती."

"तुमचं तरी कशावर चालतं ते सांगा की पाव्हन्यांना," काकू आतून म्हणाल्या.

ताईने सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "आधी थोड्या काड्यांचं सॅम्पल लागेल. लॅबला पाठवायचंय."

सॅम्पल हा शब्द ऐकला आणि काकांची बसण्याची तऱ्हाच बदलली. मांडी मोडून ते सरळ झाले. "देतो. उद्या घरपोच देतो. सॅम्पलची काळजी तुमी नका करू, आमी एक्सपोर्टवाले हाय."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मोटारसायकलवरून कॉलनीत आले. काड्या एका लांबीच्या कापलेल्या, लाल दोऱ्याने तीन जागी बांधलेल्या, वर स्वच्छ पंचा गुंडाळलेला. बाबांनी त्यांना "जय भीम" घातला, त्यांनी "रामराम" म्हटलं, आणि दोघं दारात उभं राहून कांद्याच्या भावावर बोलत राहिले. मी ताईला म्हटलं, "बघ, माणसं किती मनापासून देतात." ताईने अर्धी मोळी लॅबला पाठवली, अर्धी कपाटावर ठेवली.

लॅबचा निकाल उत्तम आला. गंधक बाभळीपेक्षाही कमी. मग द्वारपालाच्या टाकीत काही बदलायचं कारणच नव्हतं.

गावाने त्या वर्षी एप्रिलमध्ये ढीग पेटवले नाहीत. काकांनी घरोघर माझं पत्रक वाटलं होतं. जवळच्या चार-पाच बागांमधल्या काड्या पहिल्यांदा आल्या, बाकीचे ढीग बांधावर वाट बघत राहिले. शेडमध्ये काड्यांचे तुकडे करताना पांढुरकी धूळ उडायची. सगळे तोंडाला रुमाल बांधायचे. बागेच्या काड्या, धूळ असणारच. ताई प्रत्येक गाडीची ओल मोजायची. गंधकाची तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये व्हायची आणि निकालाला वेळ लागायचा, आणि ती तर झालेली होती.

सुरुवातीचे दिवस फार चांगले गेले. ताई जेवताना गुणगुणायची. गुणगुणणं तिला जमत नाही, तरी आम्ही ऐकून घ्यायचो. तेल येत होतं, मेण येत होतं. एकदा ती मेणाची एक पांढरी वडी घेऊन आली आणि विहारात जाताना बाबांनी तिची मेणबत्ती केली. वात नीट बसली नव्हती, ती फडफडत जळली. बाबा म्हणाले, "द्राक्षाचा उजेड."

मग एक दिवस जेवताना ती गुणगुणली नाही.

"वरचा भाग थंड पडतोय," ती म्हणाली.

रिॲक्टरच्या नळीत वरपासून खालपर्यंत तापमान मोजणाऱ्या तारा असतात. वायू वरून येतो, म्हणून सगळ्यात जास्त काम वरचे दाणे करतात. आणि हे काम असं आहे की ते करताना दाणे स्वतःच तापतात. जिथे ऊब, तिथे जीव. आता वरची ऊब उतरत होती आणि तिच्या खालचा भाग तापत होता.

"म्हणजे काम चालूच आहे ना?" मी विचारलं.

"वरचे मेले, म्हणून काम खालच्यांवर आलं. ते मेले की आणखी खालच्यांवर."

बाबांनी घास खाली ठेवला. "पहिल्या पाळीची माणसं कमी केली की दुसऱ्या पाळीवर लोड येतो. मग दुसरी पाळी आजारी पडते," ते म्हणाले. "आमच्याकडे असंच झालं होतं."

पुढचे काही दिवस ती ऊब नळीतून खाली खाली सरकत राहिली. थंडीत आजारी माणसाचे पाय गार पडत जातात आणि आपण गुडघ्याला हात लावून बघतो, मग मांडीला, तसं ताई संगणकाच्या पडद्यावर बघत बसायची. वायूत गंधक आहे का, ते बघायची काचेची नळी रंग बदलून दाखवते. ती तपकिरी झाली. टाकीचं पोट कधीच भरून गेलं होतं. तिने वायू बंद केला, पण तोवर विष तळापर्यंत पोचलं होतं. दाण्यांवरून ते काढता येत नाही. नवे दाणे भरावे लागतात.

ती घरी आली तेव्हा तिच्या पिशवीत शेडमधल्या चार काड्या होत्या. कपाटावरची अर्धी मोळी तिने काढली, लाल दोरा सोडला आणि दोन्ही प्रकारच्या काड्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. मोळीतली काडी तपकिरी, गुळगुळीत, चमकदार. शेडमधली मळकट, सालीच्या भेगाभेगांत पांढरं काहीतरी भरलेलं. ताईने बोट ओलं करून त्या भेगेवर घासलं आणि नाकाशी नेलं. मग माझ्या नाकाशी धरलं. काडेपेटीचा वास.

भुरीची बुरशी पडू नये म्हणून द्राक्षावर सल्फर, म्हणजे गंधकच, मारतात. धुरळतात, फवारतात, हंगामभर मारतात. हे नाशकातल्या कोणत्याही माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. द्राक्ष उतरल्यापासून छाटणीपर्यंत पाऊस नसतो, त्यामुळे ते सालीत जसंच्या तसं राहतं. ताईला हे माहीत होतं, मला माहीत होतं, काकांच्या तर हातांना माहीत होतं. पण लॅबचा कागद सांगत होता, गंधक नाही.

"लॅबने घोळ घातला!" मी उसळले. "उद्याच पत्रक काढते."

"लॅबचं बरोबर आहे," ताई म्हणाली. तिने मोळीतली काडी नळाखाली धरावी तशी हातात फिरवली. "या धुतल्यात."

मी मोळीतली दुसरी काडी नखाने खरवडली, काहीच निघालं नाही.

"एक्सपोर्टवाले हाय, म्हणाले होते बघ. त्यांच्याकडे सॅम्पल घ्यायला माणूस येतो तेव्हा काय होतं? सॅम्पल नापास झालं तर अख्खा कंटेनर जातो. त्यांच्या घरात सॅम्पल म्हणजे सगळ्यात चांगला घड. पुसून, नीट बांधून. आपण सॅम्पल मागितलं, त्यांनी त्यांच्या घरात सॅम्पल देतात तसं दिलं."

मला भांडायला माणूस हवा होता. लॅब सुटली, काका सुटले, तेव्हा मी कंपनीकडे वळले. मोठ्या साहेबांनी नवे दाणे भरायला नकार दिला होता. अट दिवाळीपर्यंत सलग चालण्याची होती आणि सलग चाललं नव्हतं, एवढंच ते म्हणाले. टाकी मोठी केली, काड्या आधी धुतल्या तर सगळं चालेल, हे ताईने त्यांना मांडून दाखवलं. ते म्हणाले, तुमचं बरोबर असेल, पण शेड दिली गेली आहे. मी त्याच दिवशी लिहायला बसले. अर्धं पान सरसर उतरलं. मग ताईने ते वाचलं.

"खाली 'निषेध असो' लिहिलंयस. वर नाव कुणाचं घालणार?"

"कंपनीचं."

"त्यांनी अट आधी सांगितली होती. मी हो म्हटलं होतं."

"अगं, पण अशी अट घालणंच अन्याय आहे! एक चूक झाली की दार बंद? नवीन काम असं उभं राहतं का कुठे?"

"नाही राहत," ती म्हणाली. "हे लिही हवं तर. पण ते पत्रकात मावणार नाही."

तिचं बरोबर होतं. मी पुष्कळ प्रयत्न केला, मावलं नाही. आजही हे त्यामुळेच एवढं लांबलंय.

पावसाआधी आम्ही काकांकडे गेलो. मी वाटेत म्हटलं, "त्यांना धुण्याबद्दल सांगू नकोस. उगाच मनाला लावून घेतील." ताई म्हणाली, "त्यांनी गावभर पत्रक वाटलंय. उद्या लोक त्यांनाच विचारतील की काय झालं. त्यांना खोटं सांगायला लावू का?"

तेच निळ्या फुलांचे कप. काकांनी पहिला प्रश्न केला, "गाडी कधी पाठवता? ढीग वाट बघून ऱ्हायलेत."

"नाही येणार काका," ताई म्हणाली, आणि तिने सांगितलं. सरळ, एकही शब्द न वाढवता. सल्फर, टाकी, दाणे, धुतलेल्या काड्या.

काकू दाराशी उभ्या होत्या. "मी तं काथ्यानं घासल्या, बाई," त्या म्हणाल्या. "म्हटलं, शिकल्या-सवरल्या पोरी हायेत, मळकं कसं द्यायचं?"

काकांनी कप खाली ठेवला. "म्हंजी आमच्यामुळं झालं."

"नाही काका. तुम्ही कधी मळका घड सॅम्पलला दिलाय का? तुम्ही धुवून देणार, हे मला कळायला हवं होतं. मी बागेत येऊन स्वतः काड्या घ्यायला हव्या होत्या."

"धुतल्या नसत्या तं?"

"तर आधीच कळलं असतं. टाकी मोठी केली असती."

"आन् सगळ्याच धुतल्या असत्या तं?"

"तरी चाललं असतं."

काका अंगणाकडे बघत राहिले. निघताना त्यांनी आम्हाला रस्त्यापर्यंत सोडलं आणि ताईला म्हणाले, "तुमी सांगायला आल्या, हे लय झालं." मी ताईपेक्षा जास्त रडले, म्हणून गाडी तिने चालवली.

त्या आठवड्यात गावाने ढीग पेटवले. पाऊस येण्याआधी बांध मोकळे करायचे असतात, त्यांचंही चुकलं नाही. मी त्या रस्त्याने गेले तेव्हा धुरात तोच काडेपेटीचा वास होता. तो वास आधीही दरवर्षी असणार. आमच्या घशाला माहीत होता, डोळ्यांना माहीत होता.

रिॲक्टरची नळी शेडमधून काढून भिंतीशी आडवी टाकली. ताई गुजरातेत एका मोठ्या कारखान्यात लागली. तिथेही कॅटॅलिस्टच आहे, पण काम नैसर्गिक वायूवर, जमिनीखालून पाइपने येतो त्याच्यावर. ती म्हणते, फार सोपं आहे, चुका होत नाहीत. हे ती आनंदाने सांगत नाही.

दसऱ्याच्या सुमारास बाबांच्या फोनवर काकांचा फोन आला. ताईचा नंबर लागत नव्हता म्हणे. बाबांनी मला दिला.

"धाकल्या ताई का? मोठ्या ताईंना एक निरोप द्या," ते म्हणाले. आवाज उत्साहाचा होता. "माझ्या बागंच्या काड्या मी जाळल्या नाय. गाव हसलं, तरी जाळल्या नाय. माळावर पसरून ठेवल्या व्हत्या, पावसाळाभर. आता बघा येऊन, सालीत पांढरं काय बी ऱ्हायलं नाय. देवानंच धुतल्या. आता चालतील ना?"

मी बाबांकडे पाहिलं. ते फळीवरची, ताईच्या पहिल्या तेलाची बाटली पुसत होते. रविवारचं त्यांचं ते काम आहे.

"चालतील काका," मी म्हणाले. खरंच होतं ते. चालल्या असत्या.

"मंग ताईंना सांगा. सॅम्पल न्यायला त्यांनीच या म्हनावं. या टायमाला मी हात बी लावनार नाय."

मी सांगते म्हणाले. त्या दिवशी ताईला फोन लावला, तिने उचलला. तिथे पाळी बदलण्याचा भोंगा वाजत होता. "बोल," ती म्हणाली. मी जेवलीस का विचारलं. मग काकांचा निरोप दिला, जसाच्या तसा, त्यांच्याच शब्दांत. भोंगा थांबल्यावर ती म्हणाली, "पसरून ठेवल्या होत्या का, ढीग घालून?"

"पसरून."

"मग आतपर्यंत धुतल्या गेल्या असतील," ती म्हणाली. "बरोबर केलं त्यांनी."